रोकडे नेमकं काय करतात

आमच्या कंपनीत कागदाच्या मागे चालत जाणारा एकच माणूस होता. म्हणजे अक्षरशः चालत. मेंटेनन्सवाल्यांनी पंपाच्या पट्ट्यासाठी मागणीची चिठ्ठी फाडली की रोकडे वही घेऊन त्या चिठ्ठीबरोबर निघत. चिठ्ठी स्टोअरमध्ये गेली की रोकडे स्टोअरमध्ये. ती पर्चेसच्या ट्रेमध्ये पडून राहिली की रोकडे ट्रेशेजारी स्टूल टाकून बसून. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसे. एका चिठ्ठीबरोबर ते अकरा दिवस होते, आणि बाराव्या दिवशी पट्टा आला तेव्हा फिटरपेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा टीव्ही नुकता रंगीत झाला होता. कंपनी अंबरनाथला, कपड्याच्या रंगांची. एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत चालत गेलं तर साडीच्या निऱ्यांवर तीन रंगांची भुकटी बसायची. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात वाढलेल्या मला गर्दीची सवय होती, पण एका फाटकाच्या आत एवढी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. पहिल्या दिवशी हेडक्लार्कनी सगळ्यांची ओळख करून दिली. हे पगार बघतात, हे रजा बघतात, हे टपाल बघतात. मग कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "आणि हे रोकडे." हे काय बघतात, असं मी विचारलं. हेडक्लार्कनी बराच विचार केला आणि म्हणाले, "हे… बघतात."

मस्टरवर मधुकर सोनू रोकडे यांच्या नावापुढे 'कनिष्ठ लिपिक (संकीर्ण)' असं होतं. संकीर्ण म्हणजे ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही ते. आमच्याकडे संकीर्ण नावाची एक फाईल होती, एक कपाट होतं आणि एक रोकडे होते. ते मूळचे स्टोअरचे. तिथे एका व्हॉल्व्हची मागणी हरवली, ती शोधायला म्हणून ते निघाले आणि पुन्हा जागेवर गेलेच नाहीत. मागणी कुठे हरवते हे बघता बघता त्यांना सगळी कंपनीच बघायची सवय लागली. वरच्या साहेबांना वाटलं त्यांना कुणीतरी हे काम दिलंय, आणि प्रत्येक साहेबाला वाटलं ते दुसऱ्या साहेबानं दिलंय.

या बघण्यातून त्यांचा पट तयार झाला. ड्रॉइंग ऑफिसातले वाया गेलेले ट्रेसिंग कागद खळीने एकाला एक चिकटवून त्यांनी अख्ख्या कंपनीचं चित्र काढलं होतं. चौकोन आणि बाण. कोणतं काम कुठून निघतं, कुठे जातं, वाटेत कुठे थांबतं. दरवर्षी पट वाढायचा. गुंडाळून तो पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपात ठेवायचा आणि पाइप खांद्यावर टाकून रोकडे कंपनीभर हिंडायचे. नवा वॉचमन लागला की त्यांना एकदा तरी प्लंबर म्हणून मागच्या गेटला पाठवायचा.

त्यांच्या चौकोनात कधी डिपार्टमेंटचं नाव नसे. हे कोण करतं, असं विचारल्यावर कुणी "पर्चेस करतं" म्हणालं की रोकडे पेन्सिल खाली ठेवत. म्हणत, "पर्चेस म्हणजे खोली झाली, साहेब. खोलीला हात नसतात. मालक कोण?" समोरच्यानं नाव सांगितलं तरी सुटका नसे. पुढचा प्रश्न तयार असायचा, आणि तो रजेवर असेल तर? या दोन प्रश्नांना कंटाळून दोन अधिकाऱ्यांनी जेवायची वेळ बदलली.

बाकीच्या कंपनीत इंग्रजीचा मारा, पण रोकड्यांनी आपल्या कामाचे शब्द आपणच घडवले होते. कंपनी जशी चालते ते 'आहे-चित्र'. जशी चालायला हवी ते 'हवं-चित्र'. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ते 'म्हणे-चित्र', आणि त्याला ते हातही लावत नसत. माणसांचे त्यांच्याकडे चार रकाने होते: करणारा, जबाब देणारा, विचारायचा आणि कळवायचा. त्यांचं ठाम म्हणणं होतं की जगातली निम्मी भांडणं एकाच कारणानं होतात. ज्याला नुसतं कळवायचं असतं, त्याला वाटतं आपल्याला विचारायला हवं होतं.

हे मला माझ्या लग्नात पटलं. माझा मामा ऐन साखरपुड्यात रुसून बसला. मी ऑफिसात रडवेली झाले तेव्हा रोकड्यांनी कागद ओढला, रकाने आखले, आणि पाच मिनिटांत सांगितलं की तुम्ही मामांना 'कळवायचा'मध्ये टाकलंय आणि ते स्वतःला 'विचारायचा'मध्ये धरून चाललेत. त्यांना एका तरी गोष्टीचं विचारा, मग ती कितीही लहान असो. आम्ही मामाला मांडवाच्या झालरीचा रंग विचारला. त्यानं गुलाबी सांगितला, आम्ही निमूट गुलाबी लावला, आणि मामा लग्नात सगळ्यांच्या आधी हजर. रोकडे मात्र आहेर देऊन मांडवाच्या मागेच उभे. पाण्याच्या पिंपाचा मालक कोण, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

लोक हसायचे, मीही हसायचे. पण एक गोष्ट झाली आणि मी हसणं कमी केलं. बाहेर जायची पत्रं अचानक डिस्पॅचला दोन दोन दिवस उशिरा पोचू लागली. कामगार तेच, शिपाई तेच, साहेबांचा आरडाओरडा वाढलेला. रोकड्यांनी पट उलगडला आणि एका बाणावर बोट ठेवलं. बाणावर बारीक अक्षरात 'चहा' असं लिहिलेलं होतं. शिपाई ती पत्रं कधीच कामाचा भाग म्हणून नेत नव्हता. कॅन्टीन डिस्पॅचच्या बाजूला होतं म्हणून चहाला जाता जाता टाकायचा. महिन्याभरापूर्वी कॅन्टीन दुसऱ्या इमारतीत हलवलं होतं. ते हलवताना अकरा अधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या, पण त्या बाणाची खबर एकट्या रोकड्यांना होती.

एवढं असून त्यांना बढती मिळत नव्हती. दर दोन-तीन वर्षांनी मुलाखत व्हायची आणि मंडळी विचारायची, रोकडे, तुम्ही नेमकं काय करता? मग रोकडे पट उलगडून चाळीस मिनिटं बोलायचे, मंडळी चहा प्यायची, आणि बढती कुणा एखाद्याला जायची ज्याचं काम एका शब्दात सांगता येतं. परत आले की ते पाइपात पट सारताना मला म्हणायचे, "पुष्पाबाई, आजही नाव सापडलं नाही." त्यांना पगाराचं फारसं काही नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, बदलापूरच्या पुढे चामटोलीला आई आणि ते, घरचं भात. त्यांना आपल्या कामाला नाव हवं होतं. बावीस वर्षं एक माणूस रोज एक काम करतोय आणि त्याला ते काय म्हणतात हे ठाऊक नाही, हे मला पहिल्यांदा गमतीचं वाटायचं आणि नंतर नंतर वाटेना.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या हेड ऑफिसने सगळ्या कारखान्यांना जोडणारी एकच कॉम्प्युटर यंत्रणा आणायचं ठरवलं. त्यासाठी बाहेरचे सल्लागार आले, त्यांचे प्रमुख अय्यर. टाय, पातळ ब्रीफकेस, बोलणं मऊ. कॉन्फरन्स हॉलमध्ये त्यांचं पहिलं भाषण झालं. प्रोजेक्टर उचलायला म्हणून रोकडे आणि नोंदी घ्यायला म्हणून मी, असे आम्ही दोघं मागच्या भिंतीला टेकून उभे होतो.

अय्यरांनी पडद्यावर एक चित्र टाकलं. चौकोन आणि बाण. म्हणाले, मोठ्या कंपनीचं असं चित्र काढणारा माणूस वेगळा लागतो, त्याला आर्किटेक्ट म्हणतात. एक धंद्याचा आर्किटेक्ट, एक माहितीचा, एक यंत्रणेचा. प्रत्येक कामाला ओनर लागतो. कंपनी आज कशी आहे त्याचं एक चित्र, उद्या कशी हवी त्याचं दुसरं. प्रत्येक शब्दासरशी रोकडे माझ्याकडे झुकून हळूच सांगत होते, हा आपला मालक. हे आपलं आहे-चित्र. हे हवं-चित्र. चार रकाने आले तेव्हा तर त्यांनी माझं मनगट धरलं. आमच्या अकरा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला हात लावायची ती पहिलीच वेळ.

मला वाटलं यांना वाईट वाटतंय, आपलं कुणी चोरलं असं. तसं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "म्हणजे हे काम जगात असतं, पुष्पाबाई."

आनंद आठ दिवस टिकला. मग नोटीस लागली. त्या नव्या कामासाठी कंपनीत एक जागा निघणार होती, पण पदवी हवी, आणि रोकडे मॅट्रिक. त्याच बोर्डावर दुसरी नोटीस, की संकीर्ण गटातल्या जागा रद्द होणार आणि त्यातल्या लोकांनी स्वेच्छानिवृत्तीचा विचार करावा. संकीर्ण गटात एकच माणूस होता. त्यांनी तरी अर्ज केला. मीच टाइप केला. तो शेरा न मारता परत आला.

तरी त्यांचं चालणं थांबलं नाही. सल्लागारांनी आमचं आहे-चित्र तयार केलं ते खातेप्रमुखांना विचारून आणि मॅन्युअल वाचून. रोकड्यांनी ते एकदा पाहिलं आणि सरळ अय्यरांच्या खोलीत गेले. नोंदी घ्यायला मी होतेच. रोकडे म्हणाले, यात खिडकी नाही.

खिडकी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे रंगाचा प्रत्येक घाणा लॅबमध्ये तपासला जायचा. त्याची कागदावर नोंद होती. पण लॅबनंतर त्या रंगात बुडवलेली ओली चिंधी पाटीलमामा नावाचे एक जुने हेल्पर उत्तरेकडच्या खिडकीत धरून बघायचे, जुन्या चिंधीशेजारी. त्यांनी मान हलवली की माल गाडीत. नाही हलवली की लॅबवाले काही न बोलता घाणा परत घ्यायचे. हे तीस वर्षं चाललं होतं आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण हेल्परच्या मानेवर माल थांबतो असं कोणता अधिकारी लिहून देणार?

अय्यरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले की खिडकी ही काही भूमिका होऊ शकत नाही. रोकडे म्हणाले, "खिडकी नव्हे साहेब, खिडकीशी उभा राहणारा. त्याचा मालक आहे. पण तो रजेवर असेल तर दुसरा कुणी नाही. म्हणूनच चौकोन हवा." तिथेच बसलेल्या आमच्या वर्क्स मॅनेजरांनी रोकड्यांना बाहेर जायला सांगितलं. रोकडे गेले. मला त्या खोलीतल्या सगळ्यांचा राग आला, आणि नोंदी घेत गप्प बसल्याबद्दल माझाही.

यंत्रणा सुरू झाली. लॅबनं आकडा भरला की पडद्यावर माल मोकळा, गाडी गेटबाहेर. पाटीलमामा चार दिवस खिडकीत उभे राहिले, चिंधी घेऊन कुणी येईना. पाचव्या दिवसापासून ते स्टूलवर बसू लागले.

तीन आठवड्यांनी लछमनशेठ आले. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्यांचा कापड रंगवायचा कारखाना, तिथून माल जीन्स शिवणाऱ्यांकडे जायचा. ते कुणाला न विचारता मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरले आणि टेबलावर एक पँट अंथरली. एक पाय निळा, दुसरा हिरवट निळा. जुन्या पिंपातला रंग एका पायाला, नव्या पिंपातला दुसऱ्याला. लछमनशेठ अगदी शांतपणे म्हणाले, "साहब, ये पँट दो भाई मिलके पहनेंगे क्या? मेरेकू बोलो, मैं ऐसे दो भाई ढूँढता." अशा पँटींचे त्यांच्याकडे गठ्ठे पडले होते, आणि बाजारात आमच्या रंगाचं नाव निघालं की लोक हसायला लागले होते.

लॅबचे आकडे बरोबर होते. यंत्रणा बरोबर होती. सगळं बरोबर होतं आणि पँट टेबलावर होती. अय्यर मुंबईहून आले. अर्धा दिवस कागद चाळून झाल्यावर त्यांनी मला विचारलं की खिडकीबद्दल बोलले होते ते गृहस्थ कुठे असतात.

कॅन्टीनची जेवणं उरकली होती. टेबलं बाजूला सारून आम्ही पट फरशीवर उलगडला. तो सबंध उलगडलेला मीही त्याआधी पाहिला नव्हता. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला आणि तरी एक टोक भटारखान्यात वळवावं लागलं. अय्यरांनी बूट काढले. मोज्यांवर ते त्या कागदावरून चालू लागले, आणि त्यांच्याबरोबर रोकडे अनवाणी. हे कुठून येतं, ते कुठे जातं. मध्येच अय्यर गुडघ्यांवर बसायचे आणि बारीक अक्षरं वाचायचे. दारात कामगारांची गर्दी जमली. पाटीलमामांना कुणीतरी बोलावून आणलं आणि कागदावर त्यांचा चौकोन दाखवला. मामा त्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी टोपी नीट केली.

तीन तासांनी अय्यर उठले. मॅनेजर तिथेच होते. अय्यरांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं की मी हे काम चार देशांत केलंय, एवढं खरं चित्र मी कुठे पाहिलेलं नाही. मग रोकड्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हे माझे सहकारी आहेत. सांगायला लाज कसली, मी सगळ्यांसमोर रडले. त्या कॅन्टीनमध्ये मला वाटलं की ही कंपनी आपली आहे, आणि इथे मी रोकड्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते, हे कुणालाही छाती पुढे काढून सांगावं.

खिडकीचा चौकोन यंत्रणेत आला. पाटीलमामांच्या हाताखाली लॅबमधली दोन माणसं शिकायला बसली. आणि नोव्हेंबरात एका शनिवारी हेड ऑफिसचं पत्र आलं. पदवीची अट शिथिल करून रोकड्यांना त्या नव्या जागेवर नेमलं होतं.

रोकडे त्या आठवड्यात भातकापणीच्या रजेवर होते. पत्र सोमवारपर्यंत ठेवणं मला शक्यच नव्हतं. मी बदलापूरला उतरले, शेअर रिक्षा केली आणि चामटोली गाठली. अकरा वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जात होते, आणि हे लक्षात आलं तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं.

खळ्यावर रोकडे भात झोडत होते. अर्धी चड्डी, बनियन, अंगभर तूस. मला पाहून गोंधळले. पत्र उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली, "बरं" म्हणाले आणि पुन्हा पेंढी उचलली. ओट्यावर त्यांची आई बसली होती. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे नुकत्या कापलेल्या भाताच्या लोंब्या. म्हातारीनं मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "पोराला काढला का ग कंपनीनं?"

मी म्हटलं, नाही हो आय, मोठं केलं.

मग ती म्हणाली, "बाय, येक इचारू? शेजारणीचा शिताराम फिटर हाय. तिचा दुसरा मास्तर हाय. मना कोनी इचारलं तुझा मधू काय करतो, तर मी गप ऱ्हाते. त्याला इचारलं तर बोलतो, आय, तुला कळनार नाय असं नाय. मनाच सांगता येत नाय."

पेंढी झोडण्याचा आवाज थांबला होता.

मग मी सांगितलं. मी काही हुशार बाई नाही, पण त्यांच्या शेजारी अकरा वर्षं बसले होते. म्हटलं, आय, कंपनी फार मोठी. प्रत्येकाला आपल्यापुरतं ठाऊक. आपल्या हातून गेलेलं काम पुढे कुणाकडे जातं, मध्ये कुठे अडतं, कुणी नसला तर काय होतं, हे कुणालाच माहीत नसतं. ते सगळं तुमच्या मुलाला ठाऊक आहे. त्यानं ते चालत जाऊन बघितलंय आणि काढून ठेवलंय.

म्हातारी समोरच्या उतरत्या शेतांकडे बघत होती. म्हणाली, "म्हंजे पान्यावानी. वरच्या खाचरातलं पानी कोनच्या बांधानं खाली येतं, कुठं दार फोडायचं, कुनाचं शेत आधी भरायचं. ते येकाला ठाव लागतं. नायतर वरचा बुडतो नि खालचा सुकतो. याचा बा गेला तवापास्नं समद्या वाडीचं मीच बगत आले."

रोकडे येऊन पायरीवर बसले. "हां आय," ते म्हणाले, "तेच काम."

"मंग हे सांगाया तुला बावीस वर्सं कशाला लागली?"

ते हसले. मग इतका वेळ घडी घालून ठेवलेलं पत्र त्यांनी काढलं, हात बनियनला पुसले आणि आईला वाचून दाखवायला लागले, एक एक ओळ इंग्रजीत आणि मग तिच्या भाषेत. मला तेव्हा कळलं की हा माणूस सगळ्या कंपनीत कुणाशी कोण जोडलंय ते शोधत हिंडला, आणि घरी येऊन रोज आईसमोर गप्प जेवला. तिला कळणार नाही या भीतीनं नाही, आपल्याला सांगता येणार नाही या भीतीनं. मला त्या दोघांचाही फार अभिमान वाटला. शेजारीण डोकावली तेव्हा म्हातारीनं तिला हाक मारून बसवलं आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. मी पेज पिऊन निघाले तेव्हा तिसऱ्यांदा वाचन चालू होतं, आणि प्रत्येक ओळीला म्हातारी विचारत होती, पुढं काय लिवलंय?